संध्याकाळचं दूध आणि गार पडणारा युरिया

३ एप्रिल, दौंड

...आन् एवढं सगळं सांगूनसुद्धा वडलांचं, आबांचं, तेच. "आपोआप काय बी होत न्हाई." पाच मिनिटं फोन, त्यातली चार ह्यातच गेली. मी म्हटलं, आबा, मग दूध नासतं ते कोण नासवतं? तर म्हणे, "घरात पोरं ऱ्हात न्हाईत म्हणून नासतं." 

हा वाद नववी सोडली तेव्हापासूनचा. पाबळच्या टेक्निकल शाळेत घातलं, वेल्डिंग हाताला बसलं आन् मी मधनंच पळालो. तेव्हा हेच वाक्य. कारेगावात खोली घेऊन दोन कंपन्या बदलल्या, तेव्हाही हेच. आता दौंडला केमिकल कंपनीत हेल्पर. वाक्य तेच. पायाला भिंगरी आहे माझ्या, मान्य. पण दुधाचा आन् भिंगरीचा काय संबंध?

खरी गोष्ट वेगळीच. गावातल्या डेअरीनं संध्याकाळचं दूध घ्यायचं बंद केलं. गाडी फक्त सकाळी येते. आमच्या चांदी गाईचं संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवलं की ह्या दिवसांत सकाळी आंबूस होतं. डेअरीवर माप घेणारे भागामामा नाकाशी नेतात आन् परत देतात. फ्रिज घ्यावा तर वस्तीवर रात्रीची लाईट टिकत नाही. आबांचा हिशोब सरळ. अर्धं दूध विकणारी गाय पूर्ण पेंड खाते. म्हणून चांदी बाजारात न्यायची.

आई फोनवर आली.  "जेवलास का" एवढंच. चांदी वासरू होती तेव्हा तिची आई मेली, आमच्या आईनं बाटलीनं पाजून वाढवली तिला. घरात माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात.


५ एप्रिल

आज कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स पाण्यात सोडायचं काम. ड्रमला हात लावला तर भाजतो. खाली कुणी जाळ लावलेला नाही, तरी वाफ. तसंच चुन्याचं. घराला चुना विरवायचो तेव्हा घमेलं उकळायचं.

तेव्हापासून डोक्यात होतं की जे आपोआप होतं ते गरम होतं. आतली गरमी बाहेर टाकायची असते म्हणून ते होतं. डोंगरावरनं दगड खाली येतो तसं.

मग आज डबा खाताना घरचा ड्रम आठवला. ठिबकला खत सोडायला आबा पाण्यात युरिया ढवळतात. ढवळायला मी. हात असा गार पडायचा की बोटं वाकायची नाहीत. भर मे महिन्यात! म्हणजे युरिया गरमी टाकत नाही, उलट आत ओढतो. तरी आपोआप विरघळतो. दगड आपोआप वर चढावा तसं.

आमच्या लॅबला मोरे मॅडम आहेत. बॅचचं सॅम्पल घेऊन जातो तेव्हा बोलतात. त्यांना विचारलं. हसल्या. "अरे, हे मला परीक्षेला होतं. लिहिलं होतं. पण ड्रममध्ये हात घालून कधी बघितलं नाही. उद्या ये, सांगते."


६ एप्रिल

सेकंड शिफ्ट. मॅडमचं सांगणं असं:

कुठलीही गोष्ट आपोआप व्हायची तर दोघं ओढतात. एक म्हणतो, गरमी सोड, हलका हो. दुसरा म्हणतो, पांग. जागा मिळंल तिथं पसर. युरियाचा दाणा म्हणजे सगळे एका ओळीत, घट्ट. पाण्यात पडला की हजार वाटा मोकळ्या. पहिला म्हणतो जाऊ नको, गरमी लागंल. दुसरा म्हणतो चल. दुसरा जिंकतो. लागणारी गरमी पाण्यातनं घेतो, म्हणून पाणी गार.

दुसऱ्याचं नाव एन्ट्रॉपी. मी म्हटलं मराठीत? म्हणाल्या, "पसारा म्हण."

आईला आवडंल हा शब्द. माझ्या खोलीला ती दुसरं काही म्हणत नाही.


७ एप्रिल

करून बघितलं. कंपनीच्या बागेला युरिया असतो, माळीदादांकडनं ओंजळभर मागून आणला. खोलीवर प्लास्टिकच्या डब्यात पाणी, त्यात टाकून ढवळत बसलो. माझा रूमपार्टनर राजेश, बिहारचा, अंघोळ करून आला.

"पगला गया है? खाद पिएगा?"

मी त्याचा हात धरून डब्याला लावला. एकदम मागं. मग स्वतःच लावून बसला. पाण्याची बाटली त्यात उभी केली, अर्ध्या तासानं दोघं घोट घोट प्यालो. फ्रिजएवढं नाही, पण माठापेक्षा गार. राजेश म्हणतो, गाव में बताऊँगा तो कोई नहीं मानेगा. मी म्हटलं माझ्याही गावात.

एक गंमत बघितली. गार झाल्यावर शेवटची मूठ तळाला बसून राहिली, विरघळंना. तासाभरानं पाणी जरा कोमट झालं तर ती पण गेली. मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, बरोबर, गरमीत पांगणाऱ्याला जोर येतो. गारठ्यात त्याची ताकद कमी. म्हणजे एकच गोष्ट दुपारी आपोआप होते आन् पहाटे होत नाही. आबांना सांगायला पाहिजे. नको, माझ्या उठण्यावर घसरतील.

चांदीचं डोक्यात आलं ते हा डबा धुताना. दुधाची किटली ह्यात उभी केली तर?


१२ एप्रिल, घरी

सुट्टी टाकली. दौंडवरून शिरूर, शिरूरवरून पाबळची यष्टी, पुढं चालत. खिडकीतनं कांदा साठवायच्या आरणी दिसत होत्या. मस्त झोप लागली.

आबांना म्हटलं युरियाचं पोतं फोडायचंय. डोळे वटारले. तोवर मला जे सुचलं होतं ते सांगितलं. उद्या सकाळी मेथीला ठिबकनं युरिया सोडायचाच आहे. म्हणजे पाण्यात कालवायचाच आहे. सकाळी कालवण्याऐवजी आज संध्याकाळी कालवू. गारवा तसाही वाया जातो, ड्रमच्या पत्र्याला आन् माझ्या बोटांना. तो दुधाला देऊ. सकाळी तेच पाणी ठिबकला. खर्च शून्य.

आबांनी पोत्याची सुतळी सोडवली. "कालवायचा तर हायेच," म्हणाले. आबांकडनं हे म्हणजे हारतुरे.

घंगाळात कालवला, मधोमध किटली. झाकण घट्ट. आईनं हात बुडवला आन् लहान पोरीसारखी किंचाळली. "आगं बया, हिरीचं पाणी बी एवढं न्हाई!"


१३ एप्रिल

सकाळी मी स्वतः किटली नेली. भागामामांनी वास घेतला, मशीनला लावलं, फॅट लिहिली, ओतून घेतलं. मी तिथंच उभा. "काय रे बिरू, काय ऱ्हायलं?" मी म्हटलं, काय न्हाई मामा, कालचं संध्याकाळचं दूध ते. मामा म्हणाले, "मग रात्रभर फुंकर मारत बसलावता का काय?"

घरी येईपर्यंत पळत. आबा ठिबकला पाणी सोडत होते. वर न बघता: "घेतलं?" घेतलं म्हटलं. "हं."

चांदीला गूळ दिला. तिनं माझी बाहीपण चघळली.


१५ एप्रिल, दौंड

आईचा फोन. पहिल्या प्रश्नातच मला अडकवलं. "आरं, मेथीला युरिया रोज रोज थोडाच सोडायचा असतो? काल काय करायचं व्हतं?" कालचं दूध परत आलं. त्याचं ताक केलं, आबा प्यायले, बाकी वासराला.

तेच पाणी परत वापरावं तर ते आता गार पडत नाही. पांगायचं ते पांगून झालं.

मॅडम म्हणाल्या, परत दाणा करता येतो. पाणी उडवून टाक. मी आईला सांगितलं, पुढच्या वेळी कालवलेलं ठिबकला सोडू नको, गोठ्याच्या पत्र्यावर परातीत घालून वाळव. दाणा झाला की संध्याकाळी परत पाण्यात. ऊन तर फुकटच आहे.


१७ एप्रिल

वाळला. पांढरी सायच आली म्हणे परातीत, खरवडून घ्यायची. पण दोन दिवस गेले. आन् गारवा पुरतो एक रात्र. शिवाय शेळी शिडीवरून पत्र्यावर चढली. आबांनी बघितली म्हणून, नाहीतर चाटला असता. युरिया शेळीच्या पोटात म्हणजे संपलंच.

आबांनी फोन घेतला. "पांगायला एक घटका लागली. गोळा कराया उन्हाला दोन दिस राबावं लागलं, तुझ्या आईला शिडी चढावी लागली, मला शेरडामागं पळावं लागलं. आन् म्हणं आपोआप."

 ह्या वेळेला मला राग आला नाही. मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीवर मागं रेलल्या. "वडलांना सांग, परत आणायला किंमत लागते, हेच आम्हाला एक अख्खं सेमिस्टर शिकवलं." मी नाही सांगणार. डोक्यावर बसतील.


१९ एप्रिल

वाईट झालं.

आज सकाळी मेथीला परत युरिया सोडायचा होता, म्हणून काल रात्री घंगाळात किटली. मीच फोनवर शहाणपणा शिकवला होता की झाकणावर ओलं फडकं टाक, वरनं पण गार राहील. आईनं फडकं कुठलं भिजवलं, तर जवळ होतं त्याच गार पाण्यात. घंगाळातल्या. सकाळी झाकण काढलं, फडकं ठिबकलं किटलीत. तिच्या लक्षातही आलं नाही.

डेअरीवर नेमकी आज बाहेरची माणसं तपासणीला. नळीत दूध घेतलं, औषधाचे थेंब टाकले, पिवळंजर्द. युरिया.

आईला काय कळणार? लोक दुधात युरिया घालतात म्हणजे चोरी करतात. पाणी घालून दाट दाखवायला. रांगेतली माणसं बघत होती. भागामामांनी किटली गटारीत ओतली आन् आठ दिवस दूध बंद म्हणाले. आई म्हणते, मामांनी माझ्याकडं बघितलं न्हाई, तेवढं लागलं.

आबा म्हणाले, बाजार येत्या रविवारी. चांदी न्यायची.

शिफ्टमध्ये हात चालत नव्हता. राजेशनं माझं सेंट्रीफ्यूजचं काम पण केलं. खोलीवर बटाट्याचं भरीत, त्यांच्याकडचा चोखा, केलं त्यानं, लसूण जाळून. खाल्लं. बरं वाटलं थोडं.


२० एप्रिल

मॅडम म्हणाल्या, दुधातला युरिया परत काढता येईल का ते विचारू नकोस.

मी विचारणारच होतो.

एक थेंब आपोआप आत गेला. बाहेर आणायचा तर अख्खी कंपनी लावावी लागंल. सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणाला, पळून जाणार नाहीस ना? माझा रेकॉर्ड तसा आहे. म्हटलं, ह्या वेळेला परत येतो.


२१ एप्रिल, घरी

यष्टीतनं उतरलो ते सरळ भागामामांकडं. घरी नंतर. मामा ओसरीला बसून शेंगा निवडत होते. मी सगळं सांगितलं. दाणा, पाणी, गारवा, घंगाळ, फडकं. मामा ऐकत शेंगा निवडत राहिले.

"मंजी तुमी दूध गार कराया युरिया आणला."

"व्हय मामा."

"आन् मला वाटलं तुझी आई..." थांबले. "तीस वरसं माप घेतोय तिचं. झोप न्हाई लागली मला बी."

मग तांब्यात पाणी आणून मला म्हणाले, दाखव. त्यांच्याच पोत्यातला युरिया. तांब्या गार पडल्यावर मामांनी सुनेला हाक मारली, नातवाला मारली. सगळ्यांचा तांब्याला हात लावून झाला.

पण शेवटी म्हणाले ते म्हणालेच. "खरं हाय तुझं. पन गोठ्यात युरियाचं पोतं मला परत दिसलं तर खातं बंद. झाकण असू दे न्हाईतर काय बी असू दे. माझ्यावर बी माणसं हायेत." आन्: "उद्यापासनं सकाळचं आण. तपासून घेतो, चारचौघात." म्हणजे आईचं नाव साफ होणार, चारचौघातच. पण संध्याकाळचं दूध आहे तिथंच.

घरी आलो तर दारात चांदीसाठी नवं दावं. आबा त्याला गाठ मारत होते. मी म्हटलं भागामामा असं असं म्हणाले. आई आत गेली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, घासलेलीच भांडी.

रविवारच्या बाजाराला अजून पाच दिवस आहेत.


२२ एप्रिल

सकाळी आई आन् मी डेअरीवर. मामांनी रांग थांबवली, नळीत दूध, औषध. पिवळं नाही. मामा मोठ्यानं म्हणाले, "बघा रं, नीट बघा." आन् आईला, "वैनी, फडकं बदला." रांग हसली. आई पण.

दुपारी आबा आन् मी चांदीला घेऊन ओढ्याकडं. वाटेत मी त्यांना पसारा सांगितला. दोघं ओढणारे, पांगणारा, सगळं. आबांनी तरुणपणी मेंढरं राखली, कोकणापर्यंत गेलेत कळप घेऊन. ऐकून म्हणाले,

"मेंढरं सोडली की पांगायची. शिकवाया लागत न्हाई. वाघरात, जाळीच्या कुंपनात, घालाया मातर तीन माणसं आन् दोन कुत्री. ह्यात नवं काय?"

"आबा, मॅडम पण हेच म्हणत्यात."

"तिची बी मेंढरं व्हती काय?"

हसू आवरंना. आबांनाही आलं, तोंड फिरवलं त्यांनी.

मग चालता चालता स्वतःच बोलले. वाटंवर मुक्काम पडायचा, मेंढीचं दूध असायचं, दुसऱ्या दिवशी गावात विकायचं. "मंग रात्रभर कसं टिकायचं, आबा?" "भिजलेलं घोंगडं. गाडग्याला गुंडाळायचं, वाऱ्याला ठेवायचं." एवढं म्हणाले आन् माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. इतके दिवस युरिया, परात, शिडी, शेळी! आन् हा माणूस गप.

"आबा, आधी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंस व्हय? तू तर कंपनीतनं सांगत व्हतास."

संध्याकाळी त्यांनी स्वतःचं घोंगडं काढलं. तेच, काळं, त्यांच्या बापाच्या वेळचं. कुणाला हात लावू देत नाहीत. आईनं विचारलं काय करताय. "धुवायचंच व्हतं," म्हणाले. बादलीत बुडवलं, पिळलं नाही, किटलीभोवती दोन वेढे. ओट्यावर वाऱ्याला. वरनं सुतळी मीच बांधली. लोकरीचा वास सगळ्या अंगणात.

पाणी पण पांगतच की. हवेत. जाताना गरमी घेऊन जातं. युरियाचाच भाऊ, पण पिवळा होत नाही.


२३ एप्रिल

दूध गोड. आई पहाटे उठून घोंगड्यावर तांब्याभर पाणी शिंपडून आली होती. आबा चहा पिताना: "बघ. उठलं कोण? आपोआप उठलं का?" मी म्हटलं, पाणी आपोआप उडालं. "शिंपडलं कोण?" चालू राहिलं चहा संपेपर्यंत. बरं वाटलं भांडायला.

दावं खुंटीला होतं. काढलेलं नाही, फेकलेलंही नाही. 

शिरूरच्या स्टँडवर वडापाव, मग दौंड. वेळेत पोचलो. सुपरवायझरनं घड्याळ बघितलं आन् मला.


२७ एप्रिल, दौंड

कालचा बाजार झाला. फोन लावायचं धाडस होत नव्हतं, राजेशनंच लावला आन् माझ्या कानाला धरला. आई: "चांदीला न्हाई न्हेलं. तुझं आबा म्हनलं, ऊन लई हाय, जनावराला त्रास." चांदीला त्रास! वा.


३० एप्रिल

आज आमच्याकडं बॅच थंड करायचा दिवस. रिअ‍ॅक्टरच्या बाहेरनं गार पाणी फिरवायचं, आतलं औषध हळूहळू दाण्यात बसतं. काचेतनं बघितलं. धुकं आल्यासारखं होतं आन् मग बर्फ पडतो तसं. मी मॅडमकडं धावलो. म्हटलं हे तर उलटं, पांगलेलं आपोआप गोळा झालं! कुणी गोळा केलं नाही.

म्हणाल्या, गोळा होताना दाण्यानं गरमी सोडली. ती गार पाण्यात, तिथनं कुलिंग टॉवरवर, तिथनं आभाळात. तिथं जो पसारा झाला तो इथल्या आवराआवरीपेक्षा मोठा. हिशोब सगळ्याचा मिळून करायचा. आन् हा गारवा धरून ठेवायला चिलर किती लाईट खातो ते मीटर बघ.

मेंढरांचंही सांगितलं त्यांना. म्हणाल्या, "परीक्षेत मार्क नाही देणार कुणी, पण बरोबर आहे."

मी आबांना फोनवर म्हटलं, गारठ्यात आपोआप गोळा होतं, मी डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं ह्या वेळी मी जिंकलो. आबा म्हणाले, "थंडीत मेंढरं बी आपोआप चिकटत्यात एकमेकांना. तवा कुत्री झोपत्यात."

म्हणजे आपोआप होतं. आबांच्या तोंडून! मी म्हटलं, आबा, तुमी आत्ता काय म्हनला? फोन कट. रेंज नव्हती म्हणे.


४ मे

काल घरी दिवसभर आभाळ दाटलेलं, वारा बंद, घाम. पाऊस पडला नाही, नुसता उकाडा. घोंगडं ओलंच राहिलं, सकाळी हाताला कोमट. दूध आंबलं. आईचा आवाज बारीक.

मॅडम म्हणाल्या, हवाच पाण्यानं भरलेली असली तर पाणी पांगणार कुठं? जागाच नाही. गोष्ट तीच, घोंगडं तेच, किटली तीच. पण त्या दिवशी आपोआप होत नाही.

मग जून, जुलै? म्हटलं. म्हणाल्या, उकाडा नसला तर दूध जरा जास्त टिकंल. किती, ते बघावं लागंल. त्यांनाही माहीत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. आवडलं मला.


७ मे

आभाळ गेलं. दूध परत गोड, तीन दिवस ओळीनं. भागामामांनी दुसऱ्या दोघांना घोंगडं सांगितलं. त्यांच्याकडं घोंगडी नाहीत, गोणपाट वापरतात. आबा म्हणे ते बघून आले. "गोणपाट काय, उगं." खूश आहेत.

कारेगावातनं जुना मित्र फोन करून म्हणाला, नवी कंपनी, पगार जास्त, ये. पाय शिवशिवले, खोटं कशाला लिहू. रात्रभर नाही, पण तासभर विचार केला. पावसाळ्यात दुधाचं काय होतं ते मॅडमकडनं समजून घ्यायचंय. मग बघू.


१० मे

पगार झाला. मी मनाशी ठरवलं होतं, आबांना नवं घोंगडं घ्यायचं. त्यांचं किटलीला गेलं, जून लागला की पांघरणार काय? दौंडच्या बाजारात एक बघून पण ठेवलं. सकाळी फोन केला.

"आबा, घोंगड्याचं पैसं पाठवतो."

"नगं."

"आवं, पावसात काय घ्याल अंगावर?"

"ते बघू पावसाचं पावसात."  मागं चांदीची घंटा वाजत होती. दावं खुंटीलाच आहे का ते मी विचारणार होतो, तेवढ्यात म्हणाले, "पाठवायचंच आसंल तर पेंडीचं पाठव. सरकीची. येकच पोतं. जुलैचं जुलैत बघू."

आईनं मागनं काहीतरी म्हटलं. ऐकू आलं नाही, पण हसत होती.

राजेश टेबलफॅनसमोर ओला गमछा टांगून बसलाय, म्हणतो एसी बनाया. चहा टाकलाय. आता मोबाईलवरनं पैसे पाठवतो.

पेंड, एक पोतं. रु. १,८५०.